नऊपैकी तीन

"नऊपैकी तीन!" फरांदेसाहेबांनी हातातला कागद टेबलावर आपटला. "शाळेतल्या पोराला द्यावेत तसे गुण दिलेत बाईंनी आपल्याला. आणि हा कागद साताराभर फिरतोय."

कणसेसाहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. एकच पान होतं. आठ-दहा कंपन्यांची नावं आणि प्रत्येकीपुढे एक आकडा. शेवटची ओळ आमची. उरमोडी कास्टिंग्ज लिमिटेड, मागील वर्षी सात, यंदा तीन. खाली लिहिणारीचं नाव होतं, डॉ. इंदुमती आगटे.

साहेबांनी ते पान दोनदा वाचलं, मग उलटं करून पाहिलं. मागे कोरं होतं.

"शेअर आठवड्यात नऊ रुपयांनी उतरलाय," फरांदे म्हणाले. "सभा तोंडावर आलीय. बँक नव्या भट्टीच्या कर्जाची फाइल घेऊन बसलीय. अशा वेळी एका रिटायर्ड डॉक्टरीणबाईंनी आपल्याला आजारी ठरवायचं? मी म्हणतो, वकिलाची नोटीस जाऊ द्या. बदनामीची. आजच."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. नोटिशीचा मसुदा मीच करणार होते.

ही दोन हजार बारा सालची गोष्ट. उरमोडी कास्टिंग्ज हा साताऱ्याच्या एमआयडीसीतला ओतकामाचा कारखाना. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सची लोखंडी घरं, पंपांची अंगं, असं काय काय तिथे ओतलं जायचं. उत्तमराव कणसे यांनी भाड्याच्या शेडमध्ये सुरू केलेला तो धंदा वाढत वाढत शेअर बाजारात नोंदला गेला होता. धनंजय फरांदे कंपनीची सगळी आर्थिक बाजू सांभाळायचे. आणि मी, ऋजुता बर्गे, कंपनी सेक्रेटरी. भागधारकांशी आणि शेअर बाजाराशी होणारा कंपनीचा पत्रव्यवहार माझ्या सहीनं जायचा. नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "नोटीस देण्याआधी त्यांनी हे गुण कशावरून दिले ते विचारून येऊ का? उद्या त्या आकडे घेऊन कोर्टात उभ्या राहिल्या तर ते आपल्याला आधी माहीत असलेले बरे."

फरांदे काही बोलणार होते. कणसेसाहेबांनी हात वर केला.

"जाऊन या. आणि हे बघा, बाईंशी नीट बोला."

*

यादोगोपाळ पेठेत आगटेबाईंचं प्रसूतिगृह होतं. ते बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बाहेरच्या खोलीतली लाकडी बाकं तशीच होती. शनिवारी सकाळी तिथे पेन्शनर मंडळी जमायची. कुणी पोस्टातून निवृत्त झालेले, कुणी शाळेतून, दोघी-तिघी विधवा बायका. बाई प्रत्येकाला कंपनीचा वार्षिक अहवाल वाचायला शिकवायच्या. शेअर कुठला घ्या आणि कुठला विका, हे त्या कधीच सांगायच्या नाहीत. तेवढं सोडून सगळं सांगायच्या.

मी गेले तेव्हा त्या एकट्याच बसून मेथी निवडत होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, अंगावर फिकी सुती साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ.

"कणशांच्या कंपनीतून आलीस ना? बस. चहा घेशील? गवती चहा घातलाय."

मी कंपनीचं नाव सांगण्याआधीच त्यांना कळलं होतं. कसं, ते विचारायचं राहूनच गेलं.

"डॉक्टर, तुमच्या त्या कागदाबद्दल विचारायचं होतं," मी सावरून बसत म्हटलं. "आमचा नफा यंदा वाढलाय. विक्री वाढलीय. तरी तीन?"

"नफा झाला त्याचा एक गुण दिलाय की. लोकांकडून नवे शेअर काढून पैसे मागितले नाहीत, त्याचा एक. कारखान्यात गुंतलेल्या पैशाच्या मानानं विक्री वाढली, त्याचा एक. तीन झाले." त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली आणि पुसायला फडकं शोधलं. "प्रश्न माझे नाहीत गं. जगभर लोक हे नऊ प्रश्न विचारतात. उत्तर फक्त हो किंवा नाही. धंद्यातून रोकड हातात आली का? नाही. कागदावरच्या नफ्याएवढी तरी आली का? नाही. कर्ज उतरलं का? उलट चढलं. जवळच्या मुदतीची देणी भागवायची ताकद वाढली का? नाही. मी काय मनानं देते का गुण?"

त्या आत गेल्या आणि आमचा अहवाल घेऊन आल्या. उघडला तो मागच्या बाजूनं.

"तुम्ही मागून वाचता?"

"पुढे फोटो असतात."

मला हसू आलं. पुढचे फोटो मीच निवडले होते. बाईंनी पेन्सिलीचं टोक एका ओळीवर ठेवलं आणि अहवाल माझ्याकडे फिरवला.

"आता हे बघ. हा प्रश्न माझ्या नऊ प्रश्नांतला नाही. पण गुण एकदम घसरलेले दिसले की मी स्वतः हात लावून बघते, कुठे दुखतंय ते. तुमची विक्री केवढी वाढली?"

"जवळजवळ पस्तीस टक्के."

"आणि माल गिऱ्हाइकाकडे पोचवण्याचा वाहतुकीचा खर्च?"

मी ओळ वाचली. पुन्हा वाचली. तो खर्च मागच्या वर्षापेक्षा कमी होता.

"लोखंड आहे ना ते?" बाई म्हणाल्या. "आपलं आपण चालत तर गेलं नसेल."

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. पोटात कुठे दुखतंय असं विचारताना डॉक्टर थांबतात ना, तशा त्या थांबल्या होत्या. खरं सांगायचं तर तो अहवाल माझ्या हातून छापायला गेला होता आणि ती ओळ मी प्रूफ तपासताना वाचलीही होती. आकडा बरोबर छापलाय, एवढंच तेव्हा पाहिलं होतं.

"आमचे लोक नोटीस द्यायचं म्हणताहेत तुम्हाला," मी बोलून गेले.

"देऊ देत. त्यांचा हक्क आहे." त्यांनी मेथी परत पुढ्यात ओढली. "पण त्याआधी तू एकदा जाऊन बघ, माल कुठे आहे. मी म्हातारी, मला तिथे कोण आत सोडणार? तुला सोडतील."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कारखान्याच्या फाटकाशी उभी राहिले. गिअरबॉक्सच्या कास्टिंगनी भरलेला एक ट्रक बाहेर पडत होता. मी ड्रायव्हरला हात केला.

"कुठे निघालात?"

"लिंबखिंडीला, मॅडम."

"आणि तिथून पुढे?"

"पुढं कुठं? तिथंच उतरवतो."

लिंबखिंड म्हणजे साताऱ्याच्या वेशीवरच. आमचं ट्रॅक्टरचं गिऱ्हाईक होतं उत्तरेत, हजार-बाराशे मैलांवर. मी रिक्षा केली आणि ट्रकच्या मागोमाग गेले.

महामार्गालगत पत्र्याचं एक भलंमोठं गोदाम होतं. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या पहारेकऱ्याला मी कंपनीचं ओळखपत्र दाखवलं. तो उठून उभा राहिला आणि स्वतःच दिवे लावत पुढे झाला. आत छतापर्यंत कास्टिंगच्या चळती लागल्या होत्या. पुढची नवी, करड्या रंगाची. मागे मागे जावं तशी तांबूस होत गेलेली. अगदी भिंतीकडच्या रांगेवर गंजाचे पापुद्रे सुटले होते. गंजाला एक वास असतो, ओल्या नाण्यांसारखा. तिथे तो कोंदून राहिला होता.

"हा माल कधी हलतो?" मी विचारलं.

"मी आल्यापासनं तर नुसता येतोयच," पहारेकरी म्हणाला.

विकलेला म्हणून जो माल आमच्या ताळेबंदात दाखवला होता, तो इथे होता. गिऱ्हाइकानं घेतलाच नव्हता.

त्या संध्याकाळी मी फरांदेसाहेबांना विचारलं नाही. सरळ कणसेसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. माझी नोकरी जाईल याची मला जवळजवळ खात्री होती. रिक्षातच मी ठरवून टाकलं होतं, पुण्याला मावशीकडे राहून दुसरी शोधायची.

मी बोलत असताना साहेब हातातलं पेन नुसतं उघडझाप करत होते. माझं संपल्यावर त्यांनी फोन उचलला.

"फरांदे, गाडी काढायला सांगा. आपण तिघं जरा जाऊन येऊ."

*

गोदामात साहेब सगळ्यात पुढे चालत गेले, थेट मागच्या भिंतीपर्यंत. तिथलं एक कास्टिंग त्यांनी दोन्ही हातांनी उचलायचा प्रयत्न केला. पासष्टी उलटलेला माणूस, तरी अर्धं उचललं. मग खाली ठेवून अंगठ्यानं त्यावरचा गंज घासला. तळवे तांबडे झाले.

"हे मला माहीत होतं असं म्हणता येणार नाही," ते म्हणाले, "आणि माहीत नव्हतं असंही म्हणता येणार नाही. गिऱ्हाईक माल उचलायला खळखळ करतंय हे कानावर होतं माझ्या. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं, फरांदे?"

फरांदेंचा चेहरा उतरला होता, पण आवाज उतरला नव्हता.

"सांगितलं असतं. साहेब, मी एक पैसा खाल्लेला नाही. ऑर्डर त्यांची, माल त्यांच्या मापाचा, नाव त्यांचं. आज ना उद्या उचलतीलच म्हणून विक्री धरली. नाहीतर गेल्या मार्चलाच तोटा दिसला असता, बँकेनं हात आखडला असता आणि सहाशे माणसांचा पगार थटला असता. मी फक्त वेळ मिळवला. भट्टीचं कर्ज एकदा हातात आलं, की पुढच्या वर्षी हळूहळू सगळं मार्गी लावू. त्या बाईंना गप्प करा, एवढंच म्हणतोय मी."

आणि मला मान्य करायला हवं, त्या पत्र्याखाली उभं राहून ऐकताना ते मला पटण्यासारखं वाटलं. सहाशे घरं होती. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाच्या घरी त्याच महिन्यात लग्न होतं.

साहेबांनी मला विचारलं, "ताळेबंद सभेत मंजूर व्हायच्या आत मागे घेता येतो?"

"येतो. संचालकांनी ठरवलं तर. पण आधी शेअर बाजाराला कळवावं लागेल."

"सभा शनिवारी आहे. त्या दिवशी बाजार बंद असतो ना?"

"हो. पण सोमवारी उघडतो, साहेब."

"उघडणारच," ते म्हणाले. "पत्र लिहून ठेवा."

फरांदे दोन पावलं पुढे आले. "साहेब, कर्ज जाईल."

"जाईल."

"शेअर मातीत जाईल. लोक आपल्याला..."

"फरांदे, ताळेबंदावर सही माझी आहे. तुमची नंतर आहे. लोकांना तोंड मी देईन. तुम्ही फक्त आकडे खरे काढा."

परतताना गाडीतच मी पत्राचा मसुदा लिहायला घेतला.

*

सभा पोवई नाक्याजवळच्या मंगल कार्यालयात होती. संचालकांची बैठक आधी झाली ती आतल्या खोलीत. दारावर 'वधूपक्ष' अशी पाटी होती आणि आत भिंतीला मोठा आरसा. त्या आरशासमोर बसून पाच वयस्क माणसांनी तासभर वाद घातला. एकानं राजीनामा देईन म्हणून सांगितलं. कणसेसाहेब सगळ्यांचं ऐकून घेत होते आणि शेवटी दर वेळी एकच वाक्य म्हणत होते, "ते ठीक आहे, पण माल गोदामात आहे." अखेर ठराव झाला. मी पत्र फॅक्स केलं, ते पोचल्याची पावती मशीनमधून बाहेर पडली, आणि आम्ही व्यासपीठावर गेलो.

हॉल भरला होता. एरवी आमच्या सभेला येणारी माणसं कंपनीचं कौतुक करायची, वडा-शिऱ्याची पाकिटं घ्यायची आणि जायची. त्या दिवशी मात्र तो कागद पुष्कळांच्या हातात होता. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर आगटेबाई बसल्या होत्या, मांडीवर आमचा अहवाल.

कणसेसाहेबांनी भाषण वाचलं नाही. माइकजवळ तोंड नेऊन ते म्हणाले,

"ताळेबंद आज मंजुरीला ठेवत नाही. तो बरोबर नाही. ट्रॅक्टरचा जो माल आम्ही विकला म्हणून लिहिलाय, त्यातला बराचसा लिंबखिंडीला गोदामात पडून आहे. नफा लिहिलाय, तो नफा नाही, तोटा आहे. केवढा, ते हिशेब नीट काढून दोन महिन्यांत तुमच्यासमोर ठेवीन. यात चूक कुणाची असं विचाराल, तर अध्यक्ष मी आहे."

एकदम सगळीकडून आरडाओरडा सुरू झाला. मागच्या बाजूला एक गृहस्थ खुर्चीवर उभे राहून ओरडले, "माझी ग्रॅच्युइटी आहे हो यात!" कुणी म्हणालं, पोलिसांत द्या. कुणी बाहेर धावलं, शनिवारी बाजार बंद असतो याचं भान न राहून दलालाला फोन लावायला. फरांदे मान खाली घालून बसले होते आणि त्यांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

आगटेबाई उठल्या. माइककडे जायला त्यांना वेळ लागला. त्या चालत होत्या तोवर आवाज आपोआप कमी होत गेला, कारण आता त्या काय बोलणार हे सगळ्यांना ऐकायचं होतं. मी मनाची तयारी केली. कंपनी संपवायला त्यांचं एक वाक्य पुरलं असतं.

"उत्तमराव," त्यांनी विचारलं, "आज हातात रोकड किती आहे? म्हणजे पगार किती दिवस निघतील?"

"दोन महिने. ओढून-ताणून तीन."

"गोदामातला माल दुसरं कुणी घेईल?"

"नाही. मापंच त्यांची आहेत. पण लोखंड आपलं आहे. परत वितळवता येईल."

"त्यात नुकसान केवढं?"

"कोळसा, वीज, मजुरी सगळी जाईल. धातू राहील."

"नवी भट्टी?"

"रद्द."

"लाभांश?"

कणसेसाहेबांनी समोर पाहिलं. पुढ्यात पेन्शनर बसले होते.

"देता येणार नाही. यंदा नाही, बहुतेक पुढच्याही वर्षी नाही. मीही पगार घेणार नाही."

"पंपवाल्यांकडचं येणं?"

"ते मिळेल. मागायला मी स्वतः जाईन."

बाईंनी प्रत्येक उत्तराला मान हलवली. मग त्या माइकला पाठ करून हॉलकडे वळल्या. त्यामुळे त्यांचा आवाज लहान झाला, पण सगळ्यांनी ऐकला.

"माझे या कंपनीत चार हजार शेअर आहेत. मी सोमवारी विकणार नाही. तुम्ही विकावे की नाही हे मी सांगत नाही, कधी सांगितलेलं नाही. ज्यांना औषधपाण्याला पैसे लागणार आहेत त्यांनी जरूर विकावेत. पण मी तीन गुण दिले ते कंपनी टाकून द्या म्हणून दिले नव्हते. इतकी वर्षं मी अहवाल वाचतेय, कुठल्या अध्यक्षानं आपणहून 'तोटा आहे' म्हटलेलं ऐकलं नाही. याला गुण द्यायला माझ्या नऊ प्रश्नांत जागा नाही, म्हणून नुसतं बोलून दाखवते."

एवढं बोलून त्या जागेवर जाऊन बसल्या. खुर्चीवर उभे राहिलेले गृहस्थ खाली उतरले. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, तसा तो प्रसंगही नव्हता. पण लोक बसले, आणि प्रश्न विचारायला लागले. कडक प्रश्न, रागाचे प्रश्न, पण प्रश्न. सभा संपायला दुपार टळली.

*

हॉल रिकामा झाल्यावर मी कागद गोळा करत होते. कणसेसाहेब व्यासपीठाच्या पायरीवर बसले होते, कोट काढून मांडीवर घेतलेला.

"बर्गे, तुम्ही पहिल्यांदा बाईंकडे गेलात ना, तेव्हा मी 'नीट बोला' म्हटलं होतं. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा घाबरला."

मी हातातले कागद खाली ठेवले.

"आमची पोरगी नंदिनी, ती बाईंच्याच हातची. मी तेव्हा भाड्याच्या शेडमध्ये भट्टी लावायचो. बायकोला कळा आल्या तसा कामावरच्या कपड्यांनीच धावत गेलो. बाहेर बाकावर बसलेलो. दार नीट लागलेलं नव्हतं. मूल झालं ते कळलं, पण रडण्याचा आवाजच नाही. आणि मग बाईंचा आवाज आला. नर्सला म्हणाल्या, 'दोन.' नुसतं दोन. मी दार ढकलून आत तोंड घातलं आणि विचारलं, दोन म्हणजे काय, बाई? पोर निळी पडलेली, हातपाय लोंबत होते. बाईंनी वळूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, 'दहापैकी दोन. म्हणजे आता मला तुमच्याशी बोलायला वेळ नाही.'"

साहेब हसले, पण डोळ्यांत पाणी होतं.

"जन्मल्याजन्मल्या बाळाला गुण देतात म्हणे. श्वास, नाडी, रंग, असं बघून. मला वाटलं, दोन म्हणजे संपलं. पण त्या खोलीत दोन म्हटल्याबरोबर सगळ्यांचे हात भराभर चालायला लागले. एकीनं पोरीचं तोंड साफ केलं, बाईंनी तोंडाला फुगा लावला, दुसरी अंग चोळत होती. पाचेक मिनिटांनी परत म्हणाल्या, 'सात.' आणि तेव्हा कुठे पोरगी रडली. म्हणजे आधी रडली असेल, मला आधी आकडा ऐकू आला."

त्यांनी कोट झटकला आणि खांद्यावर टाकला.

"तो कागद हातात आला तेव्हा फरांदे म्हणाले, बाई आपल्याला मारायला निघाल्यात. माझ्या कानात मात्र तोच आवाज आला. त्या माउलीनं माझ्या पोरीला दोन गुण देऊन ती जिवंत माझ्या हातात दिली होती. या वेळी तर एक जास्तच दिलाय."

*

सोमवारी शेअर पडला तो पडतच गेला, आणि महिन्याभरात निम्म्याहून खाली आला. बँकेनं कर्जाची फाइल परत पाठवली. नियामकांची चौकशी लागली, कंपनीला आणि साहेबांना दंड झाला, तो साहेबांनी स्वतःची जमीन विकून भरला. बाईंच्या बाकांवरच्या काही जणांनी शेअर विकले. त्यांना बाई एका शब्दानं बोलल्या नाहीत.

गोदामातला माल ट्रक भरभरून परत आला. ट्रॅक्टरची ती गंजकी घरं भट्टीत वितळली आणि पंपांची अंगं होऊन बाहेर पडली. कणसेसाहेब येणं मागायला कोइंबतूरपासून राजकोटपर्यंत हिंडले. फरांदेंनी राजीनामा आणून दिला, तर साहेबांनी तो परत दिला. "घाण तुम्ही केलीत, साफ कोण करणार?" एवढंच म्हणाले. आणि फरांदेंनी ती केली. रविवारीसुद्धा ते कचेरीत दिसायचे. त्यांनी आधीच्या वर्षाचा ताळेबंद ओळ न् ओळ खरा करून दिला. त्या वर्षभरात मी माणूस बदलताना पाहिला असं म्हणणार नाही, कारण फरांदे मुळात वाईट नव्हतेच. पण त्यांच्या खांद्यावरचं काहीतरी उतरताना मात्र पाहिलं. पगार एकाही महिन्यात चुकला नाही.

पुढच्या वर्षीचा अहवाल छापून लोकांच्या हाती गेला आणि आठवडाभरानं बाईंचं पान आलं. आम्हाला पाच गुण होते. तिनावरून पाच! सगळे खूश झाले. फरांदे एकटेच कपाळाला आठ्या घालून ते पान घेऊन बसले होते.

"सहा पाहिजेत," ते म्हणाले.

"जाऊ द्या ना, साहेब," मी म्हटलं.

"नाही, का जाऊ द्या? विक्रीत सुटणारा नफा वाढला का, या प्रश्नाला त्यांनी नाही लिहिलंय. वाढलाय तो. मी स्वतः काढलाय."

आणि ते निघाले. नोटीस द्यायला निघालेला माणूस एक गुण मागायला निघाला. मीही मागोमाग गेले, मला राहवलं नाही.

शनिवार होता. बाकं भरलेली होती. फरांदे दोन्ही अहवाल बगलेत मारून दारात उभे राहिले, आणि त्यांना पाहिल्यावर पेन्शनर मंडळींत कुजबुज झाली. बाईंनी हातानंच जागा दाखवली. फरांदेंनी बसून आपलं म्हणणं मांडलं. बाईंनी अहवाल ओढून घेतला, मागून उघडला, पेन्सिल फिरवली. मग दुसरा उघडला. मग आपली आकडेमोड काढली.

"अरे देवा," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षीचा आकडा मी जुन्याच अहवालातून घेतला. तुम्ही दुरुस्त करायच्या आधीच्या. ज्या आकड्याविरुद्ध मी उभी राहिले, तोच धरून बसले!"

त्या इतक्या मोकळ्या हसल्या की बाकांवरची सगळीच हसली. मग त्या उठल्या, भिंतीवर लावलेलं पान खाली काढलं आणि सगळ्यांसमोर पाचाचा आकडा खोडला. वर सहा लिहिला, शेजारी 'चूक माझी' असं लिहून सही केली.

"ज्यांना ज्यांना पान दिलंय त्यांच्याकडे जाऊन सांगून येते," त्या फरांदेंना म्हणाल्या. "बरं झालं तुम्ही आलात."

फरांदेंनी उठून त्यांच्या पायाला हात लावला. बाईंना ते आवडलं नसावं, त्या मागे सरल्या. मग फरांदे जवळजवळ धावतच गाडीकडे गेले. कचेरीत पोचल्यावर त्यांनी जिना चढायचीही वाट पाहिली नाही. खालूनच, अख्ख्या अकाउंट्स विभागाला ऐकू जाईल असं ओरडले,

"सहा दिले! बाईंनी सहा दिले!"